डाव, पळी की ओगराळं? आणि आमटी शेवटच्या आठ-दहा जणांना का पुरत नाही

ताई, तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. सोलापुरात घरगुती खाणावळ सुरू केली, सासूबाईंनी सामानाच्या यादीत डाव, पळी, ओगराळं, झारा, उलथनं, चाटू, भातवाढी असं लिहून दिलं, आणि दुकानदार मात्र निम्म्या वस्तूंना ‘पळी’ आणि उरलेल्यांना ‘चमचा’ म्हणतो. तर या वस्तू खरंच वेगळ्या आहेत का, हा पहिला. सासूबाई मदतनीस मुलीला सारखं सांगतात, ‘अगं उपसू नको, ढवळून काढ’, यात फरक काय, हा दुसरा. आणि जाता जाता लिहिलंय की ५० जणांना माणशी दोन डाव धरून १० लिटर आमटी करता, तरी शेवटच्या आठ-दहा जणांना पुरत नाही.

मी लग्नाच्या आणि अन्नदानाच्या स्वयंपाकाची कामं घेतो, वडीलही हेच करायचे. माझ्या मते तुमची खरी अडचण तो तिसरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्या दोघांत आहे. म्हणून क्रमाने जाऊ.

नावांबद्दल आधी एक सांगतो. अमुक नावच खरं आणि बाकीची चूक, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. आपल्या गावात स्वयंपाकघर तीन-चार भाषांत चालतं. अक्कलकोटकडून आलेला माणूस डावाला कानडीत ‘सौटु’ म्हणेल. पूर्व भागातल्या तेलुगू घरची बाई ‘गरिटे’ म्हणेल. बिर्याणीचा आचारी भात काढायच्या जाळीच्या सपाट पळीला ‘कफगीर’ म्हणेल. मराठी घरांतही एका घरची पळी ती शेजारच्या घरचा डाव. तेव्हा दुकानदार खोटं बोलत नाहीये, तो त्याच्या घरची भाषा बोलतोय. मी नव्या पोराला कामाला घेतलं की नावं पाठ करून घेत नाही. तीन गोष्टी बघायला शिकवतो: पदार्थ किती पातळ आहे, भांडं किती खोल आहे, आणि हातातल्या वस्तूने ढवळायचंय की नुसतं काढून वाढायचंय. या तिन्हींची उत्तरं मिळाली की वस्तू आपोआप ठरते.

डावापासून सुरुवात करू. डावाची वाटी अर्ध्या गोलाची आणि दांडा तिरका असतो. दांडा तिरका असल्यामुळे तो पातेल्याच्या तळाला टेकवून काठाकाठाने फिरवता येतो. म्हणजे डाव ढवळतो आणि वाढतोही. घरच्या पाच-सात माणसांना एवढी एकच वस्तू पुरते, म्हणून बऱ्याच घरांत बाकीच्या वस्तू आणि त्यांची नावं मागे पडली. डावाची खोट मापात आहे. वाटी उथळ आणि पसरट असल्यामुळे वाढणाऱ्याने जरा तिरका उचलला की कमी येतं, सरळ उचलला की जास्त. चार माणसांत हे कळत नाही, पन्नासांत कळतं.

ओगराळं हे खास वाढण्यासाठी आहे, नावातच तसं आहे. जुन्या मराठीत ‘ओगरणं’ म्हणजे पानात वाढणं. त्याची वाटी खोल, कडा उभ्या, दांडा सरळ वर गेलेला आणि टोकाला आकडा. दूधवाल्याचं माप तुम्ही पाहिलं असेल, तोच घाट. हा घाट कशासाठी ते बघा. पंगतीत आमटी बादलीत घेऊन फिरतात. बादली खोल आणि अरुंद. तिच्यात डाव घातला तर वाढप्याला मनगट वाकवावं लागतं आणि वर येईपर्यंत थोडं बादलीत, थोडं सतरंजीवर सांडतं. ओगराळं सरळ खाली जातं, सरळ वर येतं. आणि कडा उभ्या असल्यामुळे दर खेपेला काठोकाठ भरतं, त्यामुळे पहिल्या पानाला जेवढं तेवढंच शेवटच्या पानाला. ताक, कढी, सार, बासुंदी, पातळ आमटी यांना ओगराळंच हवं. ढवळायला मात्र ते घेऊ नका. उभा दांडा तळाला नीट फिरत नाही, आणि तळ राहिला की करपतं.

इथे सोलापुरातली एक गंमतशीर अडचण सांगून ठेवतो, कारण तुमच्याकडे कानडी बोलणारी मुलगी असेल तर ती येणारच. कानडीत ‘ओग्गरणे’ म्हणजे फोडणी. तुम्ही घाईत ‘ओगराळं दे’ म्हणालात तर ती फोडणीची पळी पुढे करू शकते. त्यात तिचं काही चुकलं नाही. पहिल्याच दिवशी वस्तू हातात देऊन नाव ठरवून टाका.

पळी या सगळ्यांत लहान. वाटी छोटी, दांडा लांब. तेल, तूप, फोडणी ही तिची कामं. लोखंडी पळी जाळावर धरून त्यात तेल तापवायचं, मोहरी तडतडली की हिंग, मिरची, कढीपत्ता घालून पळीसकट वरणात बुडवायची. लोखंड उष्णता धरून ठेवतं, म्हणून फोडणी वरणात पडेपर्यंत गरम राहते. पातळ पत्र्याच्या स्टीलच्या पळीत मोहरी तडतडायच्या आत तेल करपतं. देवघरात पंचपात्राबरोबर आचमनाला असते ती पळी आणि होमात तूप घालायला लाकडाची असते ती स्रुवा. दोन्हींचं काम एकच, थोडंसं आणि नेमकं घेणं. पळी म्हटलं की मोजून द्यायची गोष्ट, हे लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

झारा, उलथनं, चाटू, भातवाढी यांबद्दल फार लिहीत नाही. झाऱ्याला भोकं असतात, तळणाचं तेल निथळायला आणि बुंदी पाडायला. उलथनं सपाट, उलटवायला आणि खरवडायला. चाटू लाकडाचा, पुरण किंवा पिठलं हाटायला, आणि कल्हईच्या भांड्यात तर तोच घ्यायचा, कारण स्टीलच्या कडेने कल्हई खरवडून निघते. भातवाढी रुंद आणि चपटी, तिने शीत मोडत नाही. भात डावाने काढला की गिचका होतो.

आता ज्याने तुमचा हिशेब सुटेल त्या शब्दाकडे येतो: ‘पळीवाढं’. जुन्या बायका सहज म्हणतात, ‘पिठलं पळीवाढं कर’, ‘पालेभाजी पळीवाढी असू दे’. म्हणजे पळीने घेऊन ओतता येईल, ताटात हळूहळू पसरेल, पण धावणार नाही इतपत पातळ. झुणका त्याच्या पलीकडचा, त्याला उलथनं लागतं. सार आणि कटाची आमटी त्याच्या अलीकडचे, ते ओगराळ्याचे. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण यात पदार्थ आणि तो वाढायची वस्तू एकमेकांना बांधलेली आहेत. पाककृतीत ‘हवं तेवढं पाणी घाला’ लिहिलेलं असतं त्यापेक्षा हे कितीतरी नेमकं आहे.

हे जोखायचं कसं, तेही सांगतो. आमटीला उकळी आली की डाव भरून घ्या आणि पातेल्यावर धरून उलटा करा. एका धारेने सगळं खाली पडलं आणि डाव जवळजवळ स्वच्छ दिसला तर ती सरबरीत. धार पडून गेल्यावर डावाला आतून थर राहिला तर पळीवाढी. धार न पडता गोळा पडला तर घट्ट. तुमची आमटी शेंगांच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, कुटाची आहे म्हणालात. ही आमटी चुलीवरून उतरवताना सरबरीत असते आणि अर्ध्या-पाऊण तासात पळीवाढी होते, कारण कूट पाणी ओढून घेतो आणि शेगडीवर ठेवली तर वाफेने आटतेही. येसर घातलेल्या आमटीचंही तेच, येसरात भाजलेली धान्यं आणि डाळी असतात. दाट झालेली आमटी डावाला चिकटून वर रास करून येते. म्हणजे एक वाजता आणि दोन वाजता त्याच डावात येणारी आमटी सारखी नसते.

आता मापाचा हिशेब. ५० माणसं, दोन डाव, १० लिटर, म्हणजे तुम्ही एक डाव १०० मिलीचा धरलाय. तो तेवढा आहे का, हे पाणी भरून पाहिलंय का? बाजारात वाढपाचे म्हणून मिळणारे डाव दिसायला सारखे असले तरी कशात ८० मिली मावतं, कशात १२५. तुमच्या मदतनीस मुलीच्या हातातला डाव १२५ चा असेल तर माणशी २५० मिली गेले. १० लिटरला २५० ने भागा: ४० माणसं. राहिली १०. तुमच्याकडे उपाशी राहतात ती हीच आठ-दहा. आमटी कमी होत नाहीये, डाव मोठा आहे. मला तरी हेच कारण वाटतं, पण पाणी मोजल्याशिवाय नक्की म्हणू नका.

मोजायला एक लिटरचं माप घ्या. डाव, तुम्ही रोज भरता तसाच भरून, मापात ओतत जा. दहा डावांत लिटर भरला तर १०० मिली, आठांत भरला तर १२५. हे तुम्ही नका करू, जी वाढते तिच्याच हाताने करून घ्या, कारण माप डावाएवढंच हाताचंही असतं. जुने आचारी ‘नवटाकाचा डाव’ म्हणायचे. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, आणि वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे नवटाक साधारण ११७ ग्रॅम. तेव्हा जुन्या घरातला पितळी डाव असेल तर तो १०० पेक्षा मोठा निघण्याचीच शक्यता जास्त. सासूबाईंचा डाव वापरत असाल तर आधी तोच मोजा.

किती आमटी करायची याचं एकच उत्तर नाही. तुमच्याकडे कोण जेवतं त्यावर ते आहे. कडक भाकरी कुस्करून खाणाऱ्याला दोन डाव कुठेच पुरत नाहीत, भाकरीच सगळं पिऊन टाकते. पोळी आणि भात खाणारी कॉलेजची मुलं दीड डावावर थांबतात. डबा देत असाल तर डब्याची वाटी हेच माप. बसून जेवणाऱ्यांना मी माणशी २०० मिली धरतो, भाकरीचा बेत असेल तर २५०, आणि वर दहावा हिस्सा जास्त, कारण थोडी तळाला राहते आणि थोडी भांड्यांच्या अंगाला लागते. म्हणजे तुमच्या ५० जणांना पोळीच्या दिवशी ११ लिटर, भाकरीच्या दिवशी पावणेचौदा. कमी पडतेय असं दिसलं तर आधणाचं पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. गार पाणी घालू नका. गार पाण्याने उकळी मोडते आणि आमटीची चव पाणी पाणी लागते.

आता ‘उपसू नको’. आपल्या भागात पाणी काढण्याच्या काही शब्दांचा संबंध विहिरीशी आहे. आडात पोहरा सोडून दोराने लागेल तेवढं पाणी वर घेणं म्हणजे शेंदणं. विहीर साफ करायला, गाळ काढायला, पाणी भराभर बाहेर टाकून ती रिकामी करणं म्हणजे उपसणं. नदीतून, धरणातून पंपाने पाणी उचलतात त्यालाही उपसाच म्हणतात. शेंदणाऱ्याचं लक्ष पोहरा भरून सांडू न देता वर आणण्याकडे असतं. उपसणाऱ्याचं लक्ष संपवण्याकडे असतं. सासूबाईंना म्हणायचंय ते हे: पोरगी आमटी उपसतेय, म्हणजे घाईघाईने वरवरून डाव मारून भांडं रिकामं करतेय.

आणि यात तुमचं आणखी नुकसान आहे. शेंगांच्या आमटीत कुटाचं तेल सुटतं आणि मसाल्याचा रंग घेऊन वर तवंग धरतं. जड कूट खाली बसतो, त्याला आम्ही साका म्हणतो. वरवरून उपसलं की पहिल्या पंधरा-वीस जणांना तवंग आणि पातळ पाणी मिळतं, चमचमीत लागतं, ते परत मागतात. मधल्यांना फिकं मिळतं. शेवटच्यांना नुसता साका उरतो, त्याचा ना रस होतो ना भाजी, आणि ‘पुरली नाही’ असं वाटतं. म्हणून ‘ढवळून काढ’. डाव तळापर्यंत नेऊन खालून वर एकदा फिरवायचा आणि लगेच भरायचा. दर माणसाला नको, पण दर चार-पाच ताटांनंतर हवाच. बादलीतून ओगराळ्याने वाढत असाल तर बादली भरतानाच पातेलं ढवळा, आणि बादली लहान ठेवा. मोठी बादली भरून ठेवली की तिच्यातही तवंग-साका वेगळा होतोच.

उलट, काही वेळा ढवळायचंच नसतं, तेव्हा शब्दही बदलतो. तूप कढवलं की बेरी खाली बसते, वरचं निवळ तूप पळीने अलगद ‘काढून घ्यायचं’. काळ्या मटणाच्या रश्शावरचा कट, म्हणजे तेलाचा तवंग, आधी वेगळा ‘काढून ठेवतात’ आणि वाढताना वरून सोडतात, म्हणजे प्रत्येकाला सारखा मिळतो. पाकात थोडं दूध घातलं की मळी वर येते, ती डावाच्या कडेने काठाकडे ओढून उचलायची. या तिन्हींत हात सावकाश आणि वस्तू लहान. मोठा डाव घातला की निवळलेलं पुन्हा गढूळ होतं.

वाढताना आणखी दोन गोष्टी मुलीला शिकवा. चव बघायची असेल तर डावातून थेंबभर तळहातावर घ्यावं, डाव ओठाला लावू नये. आणि उलट्या हाताने वाढू नये, असं घरोघरी सांगतात. त्यामागे अशुभाची समजूत आहे, पण कामाच्या दृष्टीनेही ते खरं आहे. मनगट बाहेरच्या बाजूला वळवून ओतलं की धार कुठे पडते ते वाढणाऱ्याला दिसत नाही, आणि गरम आमटी जेवणाऱ्याच्या मांडीवर जाते.

धातूचं थोडक्यात. रोजच्या खाणावळीला स्टील घ्या. घरचे जुने पितळी डाव-ओगराळी असतील आणि त्यांनीच वाढायची हौस असेल तर आधी कल्हई करून घ्या. चिंचेची आमटी, ताक, कढी असं आंबट काहीही बिनकल्हईच्या पितळेत राहिलं तर कळकतं. चव बिघडते आणि ते पोटालाही चांगलं नाही. आंबट ओगराळ्यासकट झाकून ठेवायची सवय तर कुठल्याच घरात नसावी.

खरेदीचं सांगतो. एक मोठा डाव फक्त ढवळायला. त्याचा दांडा पातेल्याच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त हवा, नाहीतर घसरून आमटीत बुडतो आणि काढताना हात भाजतो. दोन ओगराळी, दोन्ही १०० मिलीची, एकाच दुकानातून एकाच वेळी. एक डब्यांसाठी, एक बसणाऱ्यांसाठी. एक लोखंडी फोडणीची पळी, एक लहान पळी तुपाला. झारा, उलथनं, चाटू, भातवाढी एकेक पुरे. मधला मारुती, टिळक चौक भागात जाल तेव्हा नावाने मागू नका. ‘उभ्या दांड्याचं, खोल वाटीचं, आकडा असलेलं’ असं सांगा, किंवा दूधवाल्याचं १०० मिलीचं मापच मागा, ते ओगराळ्याच्या जागी उत्तम चालतं आणि त्याचं माप पक्कं असतं. वाटी आणि दांडा यांच्या जोडावर नख फिरवून बघा. खाच लागली तर तिथे अन्न अडकून वास येतो, ती वस्तू ठेवून द्या. ऑनलाइन घेणार असाल तर फोटोत दांडा वाटीला सरळ उभा आहे की तिरका, एवढं बघितलं तरी फसवणूक टळते.

घरी असलेला डाव आज मोजून बघा आणि किती मिली निघाला ते लिहा. १० लिटरला शेंगांचा कूट किती घालता आणि उतरवल्यावर किती वेळाने वाढायला घेता, तेही कळवा. कूट जास्त असेल तर पाण्याचं प्रमाण बदलावं लागेल, ते आकडे बघून सांगतो.